मुदतीचा ताप, टोचणी आणि परदेशगमन

परदेशी जाण्यापूर्वी टायफॉइडची लस टोचून घ्यावी, हा सल्ला आता सर्वपरिचित झाला आहे. तथापि पैनगंगेच्या काठी वसलेल्या मेहकरसारख्या गावातून या सल्ल्याकडे पाहिले असता त्याची दिशा उलटी असल्याचे ध्यानात येते. मेहकरहून लंडनला किंवा न्यूयॉर्कला निघालेल्या विद्यार्थ्याकडे ही लस घेतल्याचा दाखला तेथील सीमेवर कोणी मागत नाही. उलट तिकडे स्थायिक झालेल्या कुटुंबातील मूल सुटीत आजोळी मेहकरास यावयाचे असेल, तर तेथील वैद्य त्याला ही लस देण्याचा आग्रह धरतात. हा उलटा क्रम आजचा नव्हे. लस निर्माण झाली तेव्हापासून तो तिच्या इतिहासाशी निगडित आहे, आणि मराठीतील रोगवाचक व उपचारवाचक शब्दांतही त्याच्या खुणा सापडतात.

टायफॉइडला मराठीत 'विषमज्वर' आणि 'मुदतीचा ताप' अशी दोन नावे रूढ आहेत. पैकी पहिले ग्रंथांतून आलेले, परंतु अर्थाने सरकलेले आहे. आयुर्वेदात विषमज्वराचे संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक व चतुर्थक असे भेद सांगितले आहेत. त्यांतील शेवटचे दोन स्पष्टपणे हिवतापासारखे, एकाआड एक दिवस किंवा दोन दिवसांच्या खंडाने येणारे ज्वर आहेत. खंड न पडता चढत जाणाऱ्या टायफॉइडला हे नाव देताना आधुनिक परिभाषाकारांनी शब्द जुना घेतला, पण त्यातील मुख्य अर्थ सोडून दिला. त्या मानाने लोकांनी वापरलेले नाव अधिक नेमके म्हटले पाहिजे. 'मुदत' हा अरबी शब्द फारसीमार्फत मराठीत आला आणि महसुलाच्या व कर्जाच्या व्यवहारांत रुळला. तोच येथे तापाला लागला. हिंदीतील 'मियादी बुखार' याच धर्तीचा आहे. सुमारे तीन आठवड्यांची मुदत भरेपर्यंत रोग्याजवळ बसून राहावयाचे, एवढेच घरच्यांच्या हाती असे. १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉलचा गुण प्रत्ययास येईपर्यंत या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. अशा नावावरून हा ताप घरचा, ओळखीचा आणि सोसावयाचा होता, हे सहज दिसते.

टोचणीची शब्दसंपत्ती मात्र दुसऱ्या एका रोगाकडून आली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला गोस्तनी देवीची लस टोचण्यात आली; हिंदुस्थानातील ते पहिले यशस्वी लसीकरण होय. बसऱ्याहून आलेली ती लस पुढे एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी चालत गेली. 'लस' म्हणजे मुळात जखमेतून वा फोडातून झिरपणारा चिकट द्रव. त्या काळी तो शब्द अगदी शब्दशः खरा होता. 'देवी काढणे' या प्रयोगात तर रोग, देवता आणि उपचार ही तिन्ही एकत्र आली आहेत. मुदतीच्या तापाच्या वाट्याला असा घरगुती वाक्प्रचार आला नाही. त्याची टोचणी छावणीत जन्मली, हेच त्याचे कारण असावे.

१८८० मध्ये एबर्टने या रोगाचा जंतू वर्णिला आणि १८८४ मध्ये गाफकीने तो प्रयोगशाळेत वाढविला. १८९६ मध्ये इंग्लंडमध्ये नेटली येथील लष्करी वैद्यकीय विद्यालयातील ऑल्मरॉथ राइट यांनी, आणि त्याच सुमारास जर्मनीत फायफर व कोले यांनी, मृत जंतूंची लस माणसांवर वापरली. राइट १८९८ मध्ये हिंदुस्थानात आले ते प्लेग आयोगाचे सदस्य म्हणून. त्या दौऱ्यात त्यांनी येथील छावण्यांतील काही हजार गोऱ्या शिपायांना ही लस टोचली. विलायतेहून नव्याने उतरणारा तरुण शिपाई या तापाला सर्वाधिक बळी पडे, आणि लष्कराला चिंता होती ती त्याची. पुढे बोअर युद्धात ब्रिटिश सैन्यात टायफॉइडचे ५७,००० हून अधिक रुग्ण व ८,००० हून अधिक मृत्यू झाले. लस फारच थोड्यांनी घेतली होती. १९०४ मध्ये संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी राइट यांच्या आकड्यांवर कठोर टीका केली. ती अन्यायाची नव्हती; स्वेच्छेने लस घेणारा शिपाई मुळातच अधिक सावध असू शकतो, ही शंका रास्त होती. तिचे निरसन करण्यासाठी लेशमन यांनी जी नवी निरीक्षणे घेतली, तीही मुख्यतः हिंदुस्थानाकडे निघालेल्या पलटणींवरच.

येथील रहिवाशांचे काय? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक लष्करी वैद्यांची अशी समजूत होती की, एतद्देशीयांना हा रोग क्वचितच होतो. विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यात लेनर्ड रॉजर्स यांनी तो हिंदी लोकांतही पुष्कळ आढळतो हे दाखवून दिले. ज्यांच्या भाषेत या तापाला मुदतीवरून नाव पडले होते, त्यांना तो होत नाही असे मानले जावे, हे नवलच म्हणावयाचे.

मराठी माणसाला प्रवासासाठी जी टोचणी घ्यावी लागली ती या रोगाची नव्हे. शेगावहून पंढरपुरास जाणारी गजानन महाराजांची पालखी परतीच्या वाटेवर मेहकरहून जाते. त्या पंढरीच्या वारीत विसाव्या शतकात आग्रह धरला गेला तो पटकीच्या टोचणीचा. मुंबईहून जेद्दास जाणाऱ्या हाज यात्रेकरूंना देवी व पटकी यांचे दाखले दीर्घकाळ लागत. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९५१ च्या नियमांत प्लेग, पटकी, पीतज्वर, देवी, टायफस आणि पुनरावर्ती ज्वर असे सहा रोग होते. टायफस होता, टायफॉइड नव्हता. नावे सारखी, रोग वेगळे. या दाखल्यांचा हेतू प्रवाशाचे रक्षण हा नसून तो जेथे जाणार त्या देशाचे रक्षण हा होता. पटकीचा दाखला १९७३ मध्ये नियमांतून गेला; देवीचाही त्या रोगाच्या उच्चाटनानंतर गेला. पीतज्वराचा उरला आहे.

आज अमेरिकेत आढळणाऱ्या टायफॉइडच्या रुग्णांत दक्षिण आशियातील आप्तांना भेटून परतलेल्यांचे प्रमाण लक्षणीय असते. त्यांच्यासाठी प्रवासापूर्वी किमान दोन आठवडे टोचणी घेण्याची शिफारस आहे. लसीचे संरक्षण पूर्ण नसते, आणि पॅराटायफॉइडवर ती चालत नाही, म्हणून पाणी उकळण्याची सूचना तिच्या जोडीला असतेच. पूर्वीची साधी व्हीआय लस दोन वर्षांखालील मुलांना उपयोगी पडत नसे. हैदराबाद येथे विकसित झालेल्या आणि २०१३ मध्ये परवाना मिळालेल्या संयुग्मी लसीने ती अडचण दूर केली. मेहकरास येणारे मूल टायफॉइडची लस घेऊन येते. मेहकरातील त्याच्या मावसभावाला ती मिळणे हे आजवर बहुधा खाजगी बालरोगतज्ज्ञाच्या सल्ल्यावर आणि घरच्यांच्या ऐपतीवर अवलंबून राहिले. याला महाराष्ट्रातच एक मोठा अपवाद घडला. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांना संयुग्मी लस विनामूल्य टोचली. सार्वजनिक यंत्रणेमार्फत झालेली या लसीची ती जगातील पहिली मोहीम मानली जाते. लस मिळण्यास वय आणि ठरवून दिलेल्या भागातील रहिवास एवढेच तेथे पुरेसे होते.