बट्टा, शिक्का आणि पारख : रायगड किनाऱ्यावरील मालतपासणीचा एक ऐतिहासिक विचार

माल तयार करणारा आणि माल घेणारा हे जोवर एकमेकांसमोर उभे असतात, तोवर तपासणीचा वेगळा प्रश्न उपस्थित होत नाही. अलिबागच्या बाजारात मासळी घेणारे गिऱ्हाईक कल्ला उचलून पाहते, बोटाने मांस दाबते आणि मग भावाला लागते. विकणारी कोळीण त्याच्या ओळखीची असते. आज फसविले तर उद्या हेच गिऱ्हाईक पाठ फिरवील, हे ती जाणते. परंतु या दोघांमध्ये दलाल, वाहतूकदार, कारखानदार आणि अडते असे अनेक हात आले, आणि अंतर हजारो मैलांचे झाले, म्हणजे दोष कोणी केला हे कळण्याचा मार्ग बंद होतो. मग शिक्षा व्यक्तीला न होता नावाला होते. आणि ते नाव बहुधा गावाचे, बंदराचे किंवा देशाचे असते.

तटस्थ तपासणीमुळे मालाचा दर्जा वाढतो, असे सामान्यतः म्हटले जाते व ते खोटे नाही. तथापि तिचे अधिक मूलभूत कार्य वेगळे आहे. दोष ज्याचा त्याच्या पदरी घालणे आणि निर्दोष माणसाचे नाव त्यापासून अलग राखणे, हे ते कार्य होय. प्रस्तुत निबंधात या विधानाची परीक्षा रायगड किनाऱ्याशी निगडित अशा तीन प्रसंगांच्या आधारे करावयाची आहे. (या जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते.)

१. शब्दांची साक्ष

या विषयात मराठी भाषेने जपून ठेवलेला पुरावा दुर्लक्षिण्याजोगा नाही. 'पारख' हा शब्द संस्कृत 'परीक्षा'पासून आला. 'कस' हा 'कष' म्हणजे घासणे यापासून, आणि 'कसोटी' म्हणजे सोने घासून पाहण्याचा दगड. 'शिक्का' मात्र अरबी-फारसीतून आला व त्याचा मूळ अर्थ नाणे पाडण्याचा ठसा. म्हणजे परीक्षेचे शब्द देशी वळणाचे, तर हमीची खूण दाखविणारा शब्द राज्यव्यवहारातून आलेला. पारख ही क्रिया आहे, शिक्का हा तिचा अवशेष आहे. क्रिया थांबली तरी अवशेष उमटतच राहतो, आणि पुढे दिसणाऱ्या बहुतेक अनर्थांचे मूळ तेथे आहे.

यांहूनही बोलका शब्द 'बट्टा' हा होय. हलक्या किंवा झिजलेल्या नाण्याच्या किमतीतून जी रक्कम कापून घेतली जाई, तो बट्टा. त्यावरून 'नावाला बट्टा लागणे' हा वाक्प्रचार रूढ झाला. आज तो आपण केवळ बदनामी या अर्थी वापरतो. परंतु त्याचा मूळ हिशेबी अर्थ अधिक सूक्ष्म आहे. नाव हेही एक चलन आहे, आणि त्यात खोट मिसळली की बाजार त्या नावाने येणाऱ्या सर्वांच्याच किमतीतून कपात करतो.

ही कपात किती असावी हे सांगणारा अधिकारी म्हणजे पोतदार. गावगाड्याच्या काही याद्यांत सोनार-पोतदाराची गणना बलुतेदारांत केलेली आढळते. त्याचा मोबदला गावाकडून ठरल्याप्रमाणे येई; एखादे नाणे खरे ठरविले की खोटे, यावर तो अवलंबून नसे. तटस्थतेचे हे सर्वांत जुने व साधे तत्त्व होय : निवाडा कोणताही असो, पारख्याचे पोट त्यावर चालता कामा नये.

२. नागोठणे व रेवदंडा येथील टांकसाळी

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठी राज्यातील चलन व टांकसाळी या विषयावर १८९९ मध्ये जो निबंध वाचला, त्यात पेशवे दप्तराच्या आधारे खाजगी टांकसाळींच्या परवान्यांची माहिती दिली आहे. इ. स. १७४४ च्या सुमारास दिलेल्या आरंभीच्या परवान्यांत नागोठणे व रेवदंडा या ठिकाणांचा अंतर्भाव होतो. रेवदंडा त्यापूर्वी थोड्याच वर्षांमागे पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आला होता. अंबा व कुंडलिका या खाड्यांवरील व्यापाराला तांब्याच्या नाण्यांची गरज होती. परवान्यात नाण्याचे वजन आणि सरकारात भरावयाची रक्कम या गोष्टी ठरवून दिलेल्या असत.

या पद्धतीतील उणीव उघड आहे. नाणे पाडणारा आणि त्याच्या खरेपणाची हमी देणारा हा एकच इसम होता. सरकारचा लाभ परवान्याच्या रकमेत, मक्तेदाराचा लाभ धातू वाचविण्यात. नाणे हाती घेणाऱ्या कोळ्याच्या वा आगऱ्याच्या बाजूने पाहणारा त्या व्यवहारात कोणीच नव्हता. पुढे दोन दशकांच्या आतबाहेर कर्नाटक प्रांतातील खाजगी टांकसाळींतून हलकी नाणी निघू लागल्यामुळे त्या बंद करून धारवाड येथे मध्यवर्ती टांकसाळ घालण्याचे धोरण पेशव्यांच्या सरकारला स्वीकारावे लागले. बट्टा मात्र तोवर प्रामाणिक मक्तेदाराच्या नाण्यालाही लागून चुकला होता.

३. पनवेलची वाट आणि 'सुरत' हे नाव

दुसरा प्रसंग कापसाचा. १८३० मध्ये भोर घाटाचा गाडीरस्ता झाला आणि देशावरचा माल पनवेल बंदराकडे अधिक सुलभतेने उतरू लागला. (पनवेल त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते; कुलाबा जिल्ह्याशी ते १८८३ मध्ये जोडले गेले.) वऱ्हाड-खानदेशातील कापूसही आगगाडीपूर्वी बैलांच्या पाठीवरून पनवेलीस येई व तेथून मचव्यांनी मुंबईस जाई. शेतकरी, गावचा सावकार, लमाण, पनवेलचा अडत्या, मुंबई शहरातील कुलाब्याच्या मैदानावरचा दलाल, गठ्ठे बांधणारा दाबकारखानदार आणि शेवटी निर्यात करणारी पेढी, अशी ही साखळी होती. सरकी, कचरा, माती आणि वजनासाठी पाणी घालण्याची संधी तिच्या प्रत्येक कडीला होती. गठ्ठ्यावर लोखंडी पट्ट्या एकदा आवळल्या की लँकेशायरमध्ये तो फुटेपर्यंत आतले कोणास दिसत नसे.

पश्चिम हिंदुस्थानातून जाणारा बहुतेक कापूस, तो वऱ्हाडचा असो की भडोचचा, विलायतेच्या बाजारात 'सुरत' याच नावाने ओळखला जाई. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) लँकेशायरला या कापसावर विसंबावे लागले, तेव्हा 'सुरत' हा शब्द इंग्रजीत हलक्या व भेसळीच्या वस्तूचे विशेषणच बनला. आपल्या बियरला 'सुरत' म्हटले म्हणून एका मद्य-उत्पादकाने बदनामीचा दावा लावल्याची हकीकत त्या काळची आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे. एका नगराचे नाव शिवी झाले. आणि वऱ्हाडातील ज्या शेतकऱ्याने कापूस निवडून स्वच्छ केला होता, त्याचाही माल त्या शिवीखालीच विकला गेला.

याचा आर्थिक परिणाम ओळखणे अवघड नाही. स्वच्छ आणि भेसळीच्या मालाला एकच दर मिळत असेल, तर स्वच्छ करण्याचे श्रम म्हणजे निव्वळ तोटा ठरतो. असा बाजार चांगल्या मालाला आपोआप हुसकून लावतो, ही गोष्ट अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये तर्कशुद्ध रीतीने मांडली. मुंबईच्या कापूस-बाजारात ती शंभर वर्षांपूर्वी अनुभवास आली होती.

मुंबई सरकारने भेसळीविरुद्ध १८२९ मध्येच कायदा केला होता. पण तो गुन्हा उघड झाल्यावर शिक्षा देणारा होता. १८६३ च्या नव्या कायद्याने वेगळी दिशा घेतली. दाबकारखान्यांना परवाने, तपासणीसाठी निरीक्षक आणि त्या खर्चासाठी मालावर शुल्क, अशी यंत्रणा उभी राहिली. त्याच वर्षी भोर घाटातून आगगाडी सुरू झाली व पनवेलच्या वाटेचे महत्त्व ओसरू लागले. तपासणीस आले तेव्हा कापूस दुसऱ्या मार्गाने जाऊ लागला होता. व्यापारी वर्गात या कायद्याविषयी सतत मतभेद राहिले, १८७८ मध्ये तो नव्याने करावा लागला, आणि शतक संपण्यापूर्वी ती यंत्रणा मोडीत निघाली. या अपयशातून शिकण्यासारखे एक आहे. गठ्ठा कोणाचा, हे निश्चित न करता केवळ कापूस चांगला की वाईट हे ठरवू पाहणारी तपासणी टिकत नाही. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांविषयीच्या कायद्याने प्रत्येक गठ्ठ्यावर कारखान्याची खूण व अनुक्रमांक घालणे आवश्यक केले, तेव्हा गठ्ठ्याला प्रथमच स्वतःचे नाव मिळाले.

४. बर्फाखालची मासळी

तिसरा प्रसंग अलीकडचा आहे. करंजा, रेवस, मुरूड, श्रीवर्धनजवळचे जीवना या बंदरांच्या किनाऱ्यामागे, तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत, मासळी गोठवून परदेशी धाडणारे कारखाने उभे आहेत. गोठविलेली लादी आणि पट्ट्यांनी आवळलेला कापसाचा गठ्ठा यांत विलक्षण साम्य आहे. बर्फ वास झाकतो, वजन वाढवितो आणि आतला माल दृष्टिआड करतो. कल्ला उचलून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाची पारख येथे निरुपयोगी ठरते.

निर्यात (गुणवत्ता नियंत्रण व तपासणी) अधिनियम १९६३ चा. म्हणजे कापसाच्या कायद्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी. त्यानुसार निर्यात तपासणी परिषद स्थापन झाली व मुंबईसह पाच नगरांत तिची अभिकरणे निघाली. मासळीच्या कारखान्यांसाठी १९९५ मध्ये स्वतंत्र नियमही झाले. तरीही ऑगस्ट १९९७ मध्ये युरोपीय संघाने आरोग्यविषयक कारणांवरून भारतीय मत्स्यमालाची आयात बंद केली. बंदी एखाद्या कारखान्यावर नव्हती, देशाच्या नावावर होती. ज्यांनी नियम काटेकोर पाळले होते त्यांची जहाजेही तितकीच अडली. 'सुरत'चा इतिहास दुसऱ्या रूपाने पुन्हा घडला.

सुटका कशी झाली, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बंदी शिथिल झाली ती देशासाठी सरसकट नव्हे, तर तपासणी करून मान्यता दिलेल्या कारखान्यांच्या यादीसाठी. प्रत्येक कारखान्याला मान्यता-क्रमांक, आणि दोष आढळल्यास त्या क्रमांकापुरती कारवाई. तपासणीने येथे प्रथम काय केले असेल, तर एका सामायिक नावाची अनेक स्वतंत्र नावे केली.

या लाभाची किंमतही नोंदविली पाहिजे. नव्या अटींप्रमाणे कोळंबी सोलण्याचे काम कारखान्याच्या आवारात, देखरेखीखाली आणावे लागले. विशेषतः केरळमध्ये घराशेजारच्या स्वतंत्र सोलण-शेडांत राबणाऱ्या स्त्रियांचा रोजगार त्यामुळे हलला. शिवाय मासळी बिघडते ती बहुधा कारखान्यापूर्वी, होडीत किंवा धक्क्यावर, बर्फ अपुरा असताना किंवा पाणी अस्वच्छ असताना. कारखान्याच्या दारापासून सुरू होणारी पारख साखळीच्या शेवटच्या कडीचेच नाव जपते; पहिल्या कडीवरचा कोळी तिच्या संरक्षणाबाहेरच राहतो.

५. निष्कर्ष

वरील तीन प्रसंगांवरून तटस्थ तपासणीच्या तीन अटी निष्पन्न होतात. पारख्याचा मोबदला त्याच्या निवाड्यापासून मुक्त असावा. पोतदाराला ते साधले होते, टांकसाळीच्या मक्तेदाराला ते साधणे शक्य नव्हते. दुसरी अट अशी की मालाला उत्पादकाची ओळख असावी; तिच्या अभावी १८६३ ची योजना कोलमडली. आणि तपासणी साखळीच्या आरंभापर्यंत पोहोचावी. ही अट मासळीच्या बाबतीत अद्याप पुरी झालेली नाही.

हा विचार केवळ गतकाळापुरता नाही. अलिबागच्या पांढऱ्या कांद्यास २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे एका गावाचे नाव आता कायद्याने राखलेली मालमत्ता झाले आहे. परंतु अशा नोंदणीच्या नियमांत तपासणी-यंत्रणेचा तपशील मागविला आहे तो 'असल्यास' या शब्दासह. त्या एका शब्दात सर्व धोका सामावलेला आहे. दुसरीकडचा कांदा त्याच माळेत विकला जाऊ लागला, तर नावाचा शिक्का तसाच राहील आणि बट्टा मात्र अलिबाग तालुक्यातील प्रत्येक शेतकऱ्याच्या कांद्याला लागेल. नाव राखण्याचा हक्क ज्यांनी मिळविला, त्यांनी पारख्याचीही नेमणूक केली पाहिजे. आणि त्याचे वेतन कांद्याच्या निवाड्यावर ठरणार नाही, याची दक्षता घेतली पाहिजे.