उलट्या फिरकीची गोष्ट

आमच्या सोनारीत भैरवनाथाच्या यात्रेतून आणलेल्या गोट्या वर्षभर पुरवाव्या लागत. एखादा पोरगा बोटाला असा हिसका द्यायचा, की समोरची गोटी लांब उडायची आणि त्याची जागच्या जागी गरगरत राहायची. पुढे बीएला असताना शहरात बिलियर्डचं टेबल पाहिलं. तीच करामत तिथेही! घरी येऊन सांगितलं, तर अब्बा म्हणाले, "बेटा, तो साहेबलोकांचा खेळ."

साहेबांचा असेल, पण त्यातली फिरकी वाढवली ती एका कैद्याने. मँगो नावाचा फ्रेंच कप्तान एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तुरुंगात होता. तोवर क्यूचं, म्हणजे त्या लांब काठीचं, टोक नुसतं लाकडी असे. चेंडूच्या मध्यापासून जरा बाजूला मारलं की निसटे. मँगोने टोकाला चामडं बसवलं. अभ्यास पुरा व्हावा म्हणून त्याने शिक्षा वाढवून मागितली, अशी आख्यायिका आहे. खरं-खोटं त्या भिंतींना ठाऊक. मला कवी म्हणून ती पटते. 1827 साली त्याचं या खेळावरचं पुस्तक आलं.

टोकाला खडू लावतात तोही पकडीसाठीच. आपल्या कॅरमच्या पावडरीच्या अगदी उलट. ती घसरावं म्हणून असते.

चेंडूला मध्याच्या खाली टोला दिला, की तो पुढे घसरतो पण फिरतो उलटा. टेबलावरचं कापड ही फिरकी हळूहळू खात असतं. ती संपण्याआधी समोरासमोर टक्कर झाली, तर पुढची गती जवळजवळ सगळी दुसऱ्या चेंडूला मिळते. फिरकी मात्र आपल्याच चेंडूत उरते आणि त्याला मागे आणते. म्हणून अंतर लांब असेल तर टोला खालून आणि जोरात हवा. या सगळ्याचं गणित कोरिओलिस या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडलं ते 1835 साली. वादळांच्या वळणाशी ज्याचं नाव जोडलेलं आहे, तोच हा. म्हणजे आधी हात शिकला, मग गणित.

आणि साहेबलोकांचं म्हणाल, तर पुण्यात 1922 साली जन्मलेले विल्सन जोन्स 1958 मध्ये कोलकात्यात हौशी बिलियर्डचे जगज्जेते झाले. वैयक्तिक खेळात जगज्जेता ठरलेले ते पहिले भारतीय. 1964 मध्ये न्यूझीलंडला जाऊन त्यांनी ते पद पुन्हा जिंकलं. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. अब्बांना हे कुणी सांगितलं नाही; मलाही कळलं ते फार उशिरा.