व्हॅन गॉगचा उडालेला गुलाबी

आज एका फुलदाणीची गोष्ट. ऐकता ऐकता मोबाइलवर व्हॅन गॉगचं ‘आयरिसेस’ शोधा. १८९० सालचं, न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममधलं. फिक्कट, जवळपास पांढऱ्या भिंतीपुढे निळ्या फुलांचा गुच्छ. दिसला? आता ऐका. व्हिन्सेंटने ती भिंत गुलाबी रंगवली होती, आणि फुलं जांभळी!

मे १८९०. दक्षिण फ्रान्समधल्या सां-रेमीच्या मनोरुग्णालयात वर्ष काढून तो निघायच्या तयारीत होता. त्या शेवटच्या दिवसांत त्याने झपाटल्यासारखी फुलांची चार मोठी चित्रं काढली. दोन आयरिसची, दोन गुलाबांची. १६ मेला तो निघाला तेव्हा रंग ओलेच होते, म्हणून ती वाळायला मागे ठेवावी लागली. पण भाऊ थिओला त्याने पत्रातून रंग कळवले होते. एका आयरिसमागे लिंबासारखा पिवळा, दुसऱ्यामागे गुलाबी. पहिल्यात रंगांची टक्कर, दुसऱ्यात गोडवा.

मग गुलाबी गेला कुठे? तेव्हा इओसिन नावाच्या रसायनापासून एक झगझगीत लाल बनायचा. उजेड लागला की हा लाल विटतो. पांढऱ्यात तो मिसळून केलेला गुलाबी उडाला. निळ्यात मिसळून केलेल्या जांभळ्यातला लाल गेला, निळा तेवढा उरला. इओसिनमध्ये ब्रोमीन असतं. संशोधकांनी क्ष-किरणांनी चित्रातलं ब्रोमीन शोधलं आणि लाल कुठे कुठे होता त्याचा नकाशाच मिळाला.

गंमत म्हणजे व्हिन्सेंटला हे ठाऊक होतं. नवे रंग टिकत नाहीत, म्हणून ते बिनधास्त, भडकच लावावेत, पुढे काळ त्यांना मवाळ करेल, असं त्याने १८८८ मध्येच थिओला लिहिलं होतं.

२९ जुलै १८९० ला तो गेला. वय फक्त ३७. हे चित्र पुढे त्याच्या आईकडे होतं, १९०७ मध्ये ती जाईपर्यंत.

आज कॉम्प्युटरवर जुने रंग परत आणून बघता येतात. मूळ कॅनव्हासवर नवा गुलाबी फासावा, असं मला अजिबात वाटत नाही. व्हिन्सेंटच्या हाताचे फटकारे तिथे अजून जसेच्या तसे आहेत. पण या चित्राला कुणी ‘शांत, निळं’ म्हणालं, तर त्याला ही गोष्ट जरूर सांगा.

भेटू पुढच्या भागात!