घरी कोणती भाषा बोलता?

न्यूयॉर्कमध्ये मुलाला सरकारी शाळेत घालताना एक फॉर्म भरावा लागतो. त्यात विचारलेलं असतं, घरी कोणती भाषा बोलता? 'मराठी' लिहिलं तर पोराला वेगळ्या वर्गात बसवतील, या धास्तीने आपल्यातले काही जण 'इंग्रजी' लिहून मोकळे होतात. मुलीच्या वेळी मीही क्षणभर थांबले होते. शाळेने ही चौकशी करावी म्हणून इथे कोर्टात लढाई झाली होती, हे मला नंतर कळलं.

प्वेर्तो रिकोची माणसं १९१७ पासून अमेरिकेची नागरिक. त्यांना व्हिसाची चिंता नव्हती; घोडं अडायचं ते शाळेत. तेव्हा कॉलेजची वाट 'अकॅडेमिक' डिप्लोमातून जायची. १९६३ साली शहरात असे सुमारे २१,००० डिप्लोमा दिले गेले. त्यांतले प्वेर्तो रिकन मुलांचे फक्त ३३१. स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना शाळेतले समुपदेशक बहुधा कारागिरीच्या शिक्षणाकडे वळवत. कारागिरीत कमीपणा नाही, पण ती निवड मुलांची नव्हती. इंग्रजी कच्चं म्हणजे डोकं कच्चं, असा हिशेब होता.

आंतोनिया पांतोहा स्वतः प्वेर्तो रिकोत शिक्षिका होत्या. १९४४ मध्ये न्यूयॉर्कला आल्यावर त्यांनी आधी कारखान्यात काम केलं, मग हंटर कॉलेज आणि कोलंबिया विद्यापीठातून शिक्षण घेतलं. १९६१ मध्ये त्यांनी 'आस्पिरा' ही संस्था उभी केली. नावाचा अर्थ, आकांक्षा धर. हायस्कूलमध्ये मुलांचे क्लब निघाले. कॉलेजचा अर्ज कसा करायचा, शिष्यवृत्ती कुठे मिळते हे तिथे कळायचं. सोबत आपल्या बेटाचा इतिहासही.

पण वर्गात शिकवलेलंच समजत नसेल, तर कॉलेजचा सल्ला घेऊन मुलाने करायचं काय? १९७२ मध्ये आस्पिराने शहराच्या शिक्षण मंडळावर दावा लावला. जानेवारी १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मुलांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की भाषा न कळणाऱ्या मुलाला इतरांसारखंच पुस्तक देणं म्हणजे समान वागणूक नव्हे. त्याच वर्षी २९ ऑगस्टला आस्पिरा आणि मंडळ यांच्यात कोर्टामार्फत तडजोड झाली: मुलांची भाषा तपासायची, इंग्रजी नीट शिकवायचं, आणि तोवर बाकीचे विषय स्पॅनिशमधून. मंडळाने चालढकल केली. १९७६ मध्ये न्यायाधीशांनी त्याला कोर्टाच्या अवमानाबद्दल दोषी ठरवलं.

आपण बहुतेक जण इंग्रजी आणि पदवी घेऊनच इथे उतरलो, त्यामुळे ही लढाई आपल्याला लढावी लागली नाही. तिचा आधार मात्र भारतातून थेट सातवीत आलेल्या मराठी मुलालाही मिळतो. घरची भाषा लिहिल्याने मूल आपोआप वेगळ्या वर्गात जात नाही; आधी त्याचं इंग्रजी तपासलं जातं.

मी फॉर्मवर 'मराठी' लिहिलं.