वीस तासांचा हिशेब

नवा लॅपटॉप घ्यायला दुकानात गेले की विक्रेता हमखास सांगतो, ‘बॅटरी दहा तास चालते.’ घरी आणल्यावर ती सहा तासांतच मान टाकते आणि आपण म्हणतो, फसवले! हा तंटा लॅपटॉपइतकाच जुना आहे. हाताने उचलून नेता येणारे जुने संगणक मिळवायचे आणि ते किती वीज खातात हे मीटर लावून पाहायचे, हा माझा छंद. त्यातून जे उमगले ते आज सांगतो.

मुळात ‘पोर्टेबल’ या शब्दाला सुरुवातीला बॅटरीची अटच नव्हती. १९८१ साली अमेरिकेत ऑसबोर्न-१ हा संगणक आला. वजन सुमारे ११ किलो, पडदा पाच इंची. मूठ होती म्हणून तो पोर्टेबल. भिंतीतल्या प्लगवाचून मात्र तो मुका. दूरचित्रवाणी संचासारखी काचेची नळी आणि दोन फिरत्या फ्लॉपी, ही खादाड मंडळी सेलवर पोसणे अवघडच होते.

चित्र बदलले ते जपानमुळे. १९८२ साली बाजारात आलेल्या एप्सन एचएक्स-२० चे वजन दीड किलोच्या थोडे वर, पडदा चार ओळींचा आणि बॅटरीचा दावा ५० तासांचा. पुढच्याच वर्षी क्योसेराने बनवलेला आणि रेडिओ शॅकने विकलेला टीआरएस-८० मॉडेल १०० आला. त्याला लागत फक्त चार पेन्सिल सेल. दावा २० तासांचा. अमेरिकेतल्या बातमीदारांनी तो डोक्यावर घेतला, कारण बातमी लिहून टेलिफोनच्या तारेवरून थेट कचेरीत धाडता येई.

हे २० तास खरे मानावेत का? साधा हिशेब करू. चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये साधारण २,००० मिलिअँपिअर-तास विद्युतभार असतो. चार सेल एकापुढे एक जोडले की व्होल्ट वाढतात, हा आकडा तेवढाच राहतो. त्याला २० तासांनी भागा. उत्तर येते १०० मिलिअँपिअर. सेल उतरत जातात म्हणून सरासरी दाब पाच व्होल्ट धरू. पाच गुणिले ०.१, म्हणजे अर्धा वॅट! आपल्या घरात रात्री लावायचा जुना ‘झिरो’चा दिवा पंधरा वॅटच्या आसपास खात असे. त्या एका दिव्याच्या विजेवर असे तीस संगणक चालले असते.

ही काटकसर तीन गोष्टींतून आली. पडदा द्रवस्फटिकाचा, मागे दिवा नसलेला. फिरणारी डिस्क नाही. आणि मेंदू म्हणजे ८०सी८५ ही चिप. तिच्या नावातला ‘सी’ सीमॉस तंत्राचा. ही चिप काम नसेल तेव्हा जवळजवळ काहीच खात नाही; वेग वाढवला की त्या प्रमाणात खाते, आणि व्होल्ट वाढवले तर वर्गाच्या पटीत. शिवाय दहा मिनिटे कुणी कळ दाबली नाही, तर यंत्र आपले आपणच बंद होई.

पण दाव्यात एक मेख होती. ते २० तास बाहेरची कुठलीही जोडणी न वापरता मोजलेले होते. म्हणून तासांचा आकडा ऐकला की माझा पहिला प्रश्न असतो, काय चालू ठेवून मोजलेत?

पुढची गोष्ट उलटी गेली. १९८९ साली अ‍ॅपलने मॅकिंटॉश पोर्टेबल काढला. त्यात चक्क शिसे-आम्लाची बॅटरी, स्कूटरच्या बॅटरीची भावकी! वजन सात किलोच्या पुढे. ही बॅटरी पार मेली तर प्लग लावूनही यंत्र सुरू होत नसे. १९९१ च्या नव्या आवृत्तीत पडद्यामागे दिवा आला आणि बॅटरीचे तास जवळपास निम्म्यावर आले. त्याच वर्षी सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, जिच्या जनकांना २०१९ चे नोबेल मिळाले. साठा वाढला, पण रंगीत पडदे, मोठ्या डिस्का आणि वेगवान चिपांनी ती कमाई उडवली. पगार वाढावा आणि महिनाअखेर खिसा रिकामाच राहावा, तसे झाले.

जुन्या यंत्राची मूळ बॅटरी आज बहुधा मेलेली असते. मग मोजायचे कसे? बॅटरी काढून ठेवायची, तेवढ्याच व्होल्टचा पुरवठा बाहेरून द्यायचा आणि मध्ये मल्टिमीटर ओळीने जोडायचा. यंत्र नुसते चालू असताना एक नोंद, टंकलेखन करताना दुसरी, डिस्क फिरताना तिसरी, पडद्याचा दिवा लावल्यावर चौथी. बॅटरी म्हातारी होते, यंत्राची भूक बरीचशी तशीच राहते. बॅटरीवर छापलेल्या आकड्याला त्या भुकेने भागले की तिच्या तरुणपणीचे तास अंदाजाने हाती येतात.

हा नुसता हौशी उद्योग नव्हे. शाळकरी मुलांसाठी बनवलेला एक्सओ हा स्वस्त लॅपटॉप २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या खैरातच्या शाळेत आला. पडद्यामागचा दिवा बंद करूनही उन्हात वाचता येईल, अशी त्याची रचना होती. काटकसरीचा तो जुनाच धडा. जिथे विजेचा भरवसा नाही, तिथे मुलाच्या हातातले यंत्र चालू राहणार की नाही, हे वॅटच ठरवतात.

हे पुरावे मात्र झपाट्याने नाहीसे होत आहेत. विसरलेले सेल आतल्या आत गळतात आणि तांब्याच्या पट्ट्या खाऊन टाकतात. तुमच्या माळ्यावर असे एखादे यंत्र असेल, तर आज एवढे करा, त्यातले सेल काढून ठेवा. जाहिरातीतले तास कागदावर उरतातच. खरे तास सांगणारे यंत्र एकदा गंजले, की मीटर लावायला काही उरत नाही.