आगाऊ भरलेला प्रवास: दाभोळपासून टाइमशेअरपर्यंत

प्रवासाचे पैसे प्रवासाआधीच भरण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत प्रवासी एक विशिष्ट प्रवास विकत घेतो. कुठून निघायचे, कुठे उतरायचे, सोबत वाटाड्या कोण असेल, हे सारे पैसे देतानाच ठरलेले असते. दुसऱ्या रीतीत तो नुसता एक हक्क विकत घेतो आणि त्या हक्काचे काय करायचे हे पुढे ठरते. टाइमशेअर, म्हणजे सुटीच्या ठिकाणच्या खोलीचा वर्षातील काही दिवसांपुरता वाटून घेतलेला वापर, हा दुसऱ्या रीतीतला व्यवहार आहे, तर त्या वापराऐवजी मिळणारे पॉइंट देऊन परदेशातली मार्गदर्शकासह दीर्घ सहल पदरात पाडून घेणे हा दुसऱ्या रीतीतून पहिलीत येण्याचा खटाटोप आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या भूतकाळात या दोन्ही रीतींची ठळक उदाहरणे आहेत, आणि त्यांच्या शेजारी ठेवल्याखेरीज आजच्या व्यवहाराचे स्वरूप नीट उलगडत नाही.

वाशिष्ठीच्या मुखाशी वसलेले दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळात तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांचे मोठे बंदर होते, आणि दख्खनचे हज यात्रेकरूही याच वाटेने जात. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या रत्नागिरी गॅझेटियरमध्ये तेथील मशिदीची कथा नोंदवलेली आहे. विजापूरच्या राजघराण्यातील आयेशा बीबी १६५९ च्या सुमारास मक्केला जाण्यासाठी मोठ्या लवाजम्यासह दाभोळला आली, परंतु समुद्रावरील चाच्यांच्या भयाने तिला जहाजावर पाऊल ठेवता आले नाही, आणि यात्रेसाठी आणलेले द्रव्य तिने धर्मशास्त्र्यांच्या सल्ल्याने मशीद बांधण्यात खर्च केले, असे ही कथा सांगते. कथेचा तपशील किती खरा मानायचा हा प्रश्न वेगळा. विजापुरी घडणीची, घुमट आणि मिनार असलेली ती मशीद मात्र खाडीकाठी उभी आहे. एका प्रवासासाठी बाजूला काढलेला पैसा दुसऱ्या कामी लावताना त्याचे मोल कोणी ठरवायचे, या प्रश्नाचे उत्तर येथे सोपे होते, कारण द्रव्य तिचे होते आणि निर्णयही तिचाच.

एकोणिसाव्या शतकात हे उत्तर अवघड झाले. वाफेच्या बोटी आल्यावर दापोली, खेड, राजापूर या भागांतले हजयात्री किनारी बोटीने मुंबईला आणि तेथून जेद्दाला जाऊ लागले. मक्केत त्यांची व्यवस्था मुअल्लिम पाहत असे. मुअल्लिम म्हणजे विशिष्ट प्रदेशाच्या यात्रेकरूंचा निवास, वाहन आणि विधी सांभाळणारा वाटाड्या. परतीचे पैसे उरले नाहीत म्हणून जेद्दात अडकून पडणाऱ्या गरीब यात्रेकरूंची संख्या मोठी होती, आणि १८६५ च्या पटकीच्या साथीनंतर युरोपीय सत्तांचे लक्षही या वाहतुकीकडे लागले होते. अखेर १८८६ मध्ये हिंदुस्थान सरकारने थॉमस कुक आणि मुलगा या कंपनीशी करार करून यात्रेकरूंची रेल्वे व बोट तिकिटे तिच्याकडे सोपवली. या कंपनीने १८६८ पासून युरोपात हॉटेल कुपने रूढ केली होती, म्हणजे आधी पैसे भरून घेतलेली अशी चिठ्ठी की जी दाखवल्यावर हॉटेलवाल्याने जागा आणि न्याहारी द्यायची. १८८१ पासून तिची कचेरी मुंबईतही होती. कुपनाचा हाच अनुभव हजच्या वाटेवर आणण्याचा बेत होता, पण परतीचे तिकीट सक्तीचे नसल्यामुळे थोड्याच यात्रेकरूंनी ते घेतले, आणि १८९३ च्या सुमारास ती व्यवस्था गुंडाळली गेली. जाताना परतीचे तिकीट किंवा तेवढ्या रकमेची अनामत हवी, हे बंधन पुढे १९२५ च्या कायद्याने आले. मात्र कुकच्या तिकिटाचा एक गुण विसरता कामा नये: त्यावर प्रवासाचे नाव होते, आणि तिकीट घेतलेल्याला कोणता प्रवास मिळणार हे आधीच ठरलेले होते.

वाटून घेतलेल्या खोलीचा इतिहास मात्र रत्नागिरीकरांनी मुंबईत घडवला. १९११ च्या जनगणनेत मुंबईच्या कापड गिरण्यांतील जवळपास निम्मे कामगार रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. तेव्हा आजच्या सिंधुदुर्गाचा बराचसा भागही त्याच जिल्ह्यात होता. लालबाग-परळच्या चाळींत या चाकरमान्यांनी गावाच्या नावाने खोल्या घेतल्या. गावकीची खोली म्हणजे गावाच्या मंडळाने भाड्याने घेतलेली, दरमहा वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाला ट्रंक ठेवायला आणि पथारी टाकायला जागा देणारी खोली. जेवण खानावळीत असे, आणि रात्रपाळीचा गडी सकाळी परतला की दिवसपाळीवाल्याने रिकामी केलेल्या जागीच तो पाठ टेकत असे. एकाच जागेचे वेळेनुसार वाटे पाडण्याची इतकी काटेकोर पद्धत सुटीच्या उद्योगाला सुचण्यापूर्वी अनेक वर्षे येथे रोजच्या सवयीची झाली होती. वर्गणी किती, पाहुण्याला किती दिवस राहू द्यायचे, नोकरी सुटलेल्याचे काय करायचे, हे सभासद बैठकीत ठरवत, आणि हेच या खोलीचे खरे बळ होते.

व्यापारी टाइमशेअरचा आरंभ १९६० च्या दशकातील युरोपात आहे. १९६३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झालेल्या हापीमाग या संस्थेने ठरावीक आठवड्याऐवजी दरवर्षी पॉइंट देण्याची कल्पना रुजवली. १९७४ मध्ये अमेरिकेत निघालेल्या आरसीआयने एका रिसॉर्टमधील आठवडा दुसऱ्या रिसॉर्टमधील आठवड्याशी बदलून देण्याचे काम हाती घेतले. भारतात १९८६ मध्ये स्टर्लिंग आणि १९९६ मध्ये क्लब महिंद्रा हे टाइमशेअर व्यवसाय आले. दुसऱ्याचे मूळ सभासदत्व २५ वर्षांचे, वर्षाला ७ दिवसांचे आणि हंगामानुसार रंगांत विभागलेले होते. याच काळात मराठी मध्यमवर्गात सहल कंपन्यांनी घर केले: १९८४ मध्ये केसरी पाटील यांनी केसरी टूर्स सुरू केली, आणि २००० साली फेमा कायदा अमलात येऊन परकीय चलनावरील जुना जाच सैल झाल्यावर टूर मॅनेजरबरोबर युरोपची वारी रत्नागिरीतल्या निवृत्त शिक्षकाच्याही आवाक्यात येऊ लागली.

या दोन वाटा पॉइंटांच्या ठिकाणी एकत्र येतात. अमेरिकेत डिस्नी व्हेकेशन क्लबच्या सभासदांना आपल्या पॉइंटांवर मार्गदर्शकासह निघणाऱ्या सहली घेता येतात, आणि आपल्याकडेही सुटीच्या सभासदत्वाकडे अनेक जण प्रवासाची शिल्लक म्हणूनच पाहतात. हिशेब मात्र बारकाईने पाहावा लागतो. समजा, एखाद्या सभासदाला वर्षाला १,००० पॉइंट मिळतात आणि त्यासाठी तो २०,००० रुपये वार्षिक देखभाल शुल्क भरतो; सभासदत्वाची मूळ किंमत बाजूला ठेवली तरी प्रत्येक पॉइंट त्याला २० रुपयांना पडतो. सहलीच्या बिलात तोच पॉइंट १२ रुपयांचा धरला गेला, तर ३,००,००० रुपयांच्या सहलीसाठी २५,००० पॉइंट लागतील, म्हणजे २५ वर्षांची जमा आणि ५,००,००० रुपयांचे शुल्क. खोलीसाठी वापरताना पॉइंटाचे मोल खोलीच्या भाड्यावर ठरते. सहलीसाठी वापरताना मात्र युरोपातले हॉटेल, बस आणि वाटाड्या यांचे पैसे परकीय चलनात मोजले जातात, रुपया घसरला की ते वाढतात, आणि हा सारा भार अदलाबदलीच्या दरात मिसळून सभासदाच्या माथी येतो. तो दर कंपनी ठरवते, आणि करारात राखून ठेवलेल्या अधिकाराने तो बदलूही शकते.

गावकीच्या खोलीपासून हा व्यवहार दूर गेला तो नेमका याच ठिकाणी. तेथे वर्गणी वाढवायची तर वर्गणी देणाऱ्यांनीच हात वर करावे लागत. येथे शुल्कवाढीचे पत्र येते. म्हणून ज्याच्याकडे असे पॉइंट आहेत, त्याने सहलीत ते घालण्याआधी त्याच सहलीची रोख किंमत लेखी मागून घ्यावी, विमानभाडे, व्हिसा आणि विमा पॉइंटांत धरला आहे की वेगळा, हे विचारावे, आणि परदेशी सहलीच्या पॅकेजवर १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेला, विक्रेत्याने खरेदीच्या वेळीच गोळा करायचा कर कोणत्या रकमेवर आकारला जाणार, तेही बिलावर पाहून घ्यावे.