खोकला-तापात अँटिबायोटिक लागतं का? झटपट चाचणी काय सांगते, काय सांगत नाही

ताप-खोकला दोन दिवस हटला नाही की मेडिकलमधून 'पॉवरच्या गोळ्या' आणल्या जातात. पण सर्दी, फ्लू, कोविड हे विषाणूंचे आजार. अँटिबायोटिक फक्त जिवाणूंवर चालतं. विनाकारण घेतल्यास जुलाब, अ‍ॅलर्जी होऊ शकते आणि जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात. मग खरी गरज पडते तेव्हा तीच गोळी लागू पडत नाही.

चाचणी कशी होते?
नाकात काडी फिरवून स्वॅब घेतात, द्रावणात घोळवून किटवर थेंब टाकतात. कोविडच्या काळातली अँटिजेन टेस्ट आठवत असेल, तशीच. साधारण १५ ते ३० मिनिटांत निकाल. काही किटवर फ्लू आणि कोविड एकत्र तपासता येतात.

पॉझिटिव्ह आली तर?
विषाणू सापडला आणि रुग्णाची प्रकृती ठीक असेल, तर सहसा अँटिबायोटिक लागत नाही. फ्लू असलेल्या वृद्ध, गरोदर किंवा दमेकरी रुग्णाला डॉक्टर ऑसेल्टामिविर देऊ शकतात. ते ४८ तासांच्या आत सुरू केलेलं बरं. मात्र विषाणूसोबत जिवाणूंचा न्यूमोनियाही असू शकतो, म्हणून छाती तपासणं आलंच.

निगेटिव्ह आली तर?
याचा अर्थ 'जिवाणूच आहे' असा नाही. किट मोजकेच विषाणू ओळखतं, कधी चुकतंही. अशा वेळी सीआरपी ही रक्ताची चाचणी डॉक्टरांना उपयोगी पडते.

नुसत्या चाचणीने भागतं का?
नाही. आपत्कालीन विभागातल्या मुलांवरील अभ्यासांच्या आढाव्यात झटपट चाचणीमुळे छातीचे एक्स-रे कमी झाले, पण अँटिबायोटिकमध्ये ठोस घट दिसली नाही. रिपोर्ट पाहून चिठ्ठी बदलली, तरच फायदा.

हे लक्षात ठेवा
• पट्टीवर लाल उभी रेघ असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका.
• "डॉक्टर, हे अँटिबायोटिक आहे का? कशासाठी?" असं बिनधास्त विचारा.
• पिवळा-हिरवा बेडका म्हणजे अँटिबायोटिक हवंच, असं नाही. विषाणूजन्य खोकला तीन आठवडेही रेंगाळतो.
• उरलेल्या गोळ्या दुसऱ्याला देऊ नका.

धाप लागणं, छातीत दुखणं, ओठ निळे पडणं, गुंगी, बाळाने दूध सोडणं किंवा त्याच्या बरगड्या आत ओढल्या जाणं, यातलं काहीही दिसलं तर चाचणीची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा.